मीटर कोणाच्या हाती

"तिन्ही सारखे हायेत, काकाजी," दिव्यानीने हातातल्या मीटरवर तिन्ही वायंडिंगचे आकडे वाचून सांगितलं. "काकूचं काम पास."

पास म्हणे. इंदुताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन दिवस पाठ मोडून तिने ती मोटार भरली होती. जळालेली तार खरवडून काढली, खाचांमध्ये कागद बसवला, तांब्याचा एकेक वेढा मोजून घातला, टोकं बांधली. आणि आयटीआयमधून काल-परवा बाहेर पडलेली पोरगी तिला पास करत होती. तेही हसून, कौतुकाने. नाक मुरडून म्हणाली असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

मूल या गावी बाजाराच्या रस्त्यावर राइस मिलच्या भिंतीला लागून दादाजीचं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. दादाजी म्हणजे इंदुताईचा नवरा. दुकानातली कामाची वाटणी लग्नापासून ठरलेली होती. भरायचं बायकोने, मोजायचं नवऱ्याने. आता दादाजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, मीटरवरचे आकडे त्याला धुरात बुडाल्यासारखे दिसत. म्हणून त्याने उन्हाळ्यात दिव्यानीला कामावर ठेवलं. घरात बायको असताना आकडे वाचायला बाहेरची पोरगी कशाला, हा प्रश्न त्याला पडलाच नाही. इंदुताईला पडला, पण तिने तो विचारला नाही.

गल्लीतल्या बायकांनी याचा भलताच अर्थ काढला. कोणी पाण्याच्या नळावर तिला खोचून विचारलं, कोणी सहानुभूती दाखवली. इंदुताईला हसू येई. तिचा नवरा तिला माहीत होता. जेवताना समोर कोण वाढतंय हे ज्याला कळत नाही, तो काय पोरीबाळींकडे बघणार. तसलं काही असतं तर फार सोपं झालं असतं. केस धरले असते, ओट्यावर उभं राहून चार शिव्या दिल्या असत्या, मोकळी झाली असती. तिच्या डोळ्यात खुपत होतं ते मीटर.

इंदुताई नागभीडकडची, मासेमारांच्या घरची. बाप तलावात जाळं टाकायचा आणि घरातल्या पोरी जाळं विणायच्या. विणता विणता गाठी मोजायची सवय बोटांना लागलेली. लग्न होऊन आली तेव्हा दादाजीने सहज म्हणून तिच्या हातात तार दिली आणि ती जन्माची तिथंच बसली. पहिल्याच वर्षी, नवरा बाहेर गेलेला पाहून, तिने त्याचं मीटर हातात घेतलं होतं. नागपूरहून आणलेलं कोरं मीटर. भिंतीवरच्या प्लगमध्ये विजेचा किती दाब आहे ते पाहावं म्हणून तिने मीटरच्या तारांची दोन्ही टोकं खुपसली आणि फट्‌ झालं. मीटरमधून धूर निघाला. दादाजी आला, पाहिलं, रागावला नाही की काही नाही. लाल तार दाखवून एवढंच म्हणाला, "हे दहा अँपिअरच्या भोकात होती." मग नवं मीटर आणलं आणि वरच्या फळीवर ठेवलं. "तू भर," तो म्हणाला, "मोजाचं माह्याकडं."

मारलं असतं तरी चाललं असतं. माणूस मारून विसरतो तरी. दादाजी विसरला नाही. त्या दिवसापासून आजपर्यंत तिने मीटरला हात लावला नव्हता, पण डोळ्यांना कोण अडवणार. दादाजी मोजत असे आणि ती कॉइल वळता वळता बघत असे. काळी तार नेहमी एकाच जागी, तिला हलवायचं नाही. लाल तार मात्र दोन घरची. दाब मोजायचा तर एका भोकात. तिथं मीटर आतून दार लावून बसतं आणि फटीतून नुसतं पाहतं, करंट आत घेत नाही. करंट मोजायचा तर लाल तार दहा अँपिअरच्या भोकात. तिथं करंट मीटरच्या पोटातूनच जायला हवा, म्हणून आत अडवणारं काही नसतं, सरळ जाड तार. दहा अँपिअर, तेही घटकाभर. त्यापेक्षा जास्त त्याला सोसत नाही. आणि तार त्या भोकात विसरून कोणी दाब मोजायला गेलं, तर वरचं बटण कुठंही फिरवा, उघड्या दारातून अख्ख्या गावाची लाइन आत घुसते. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. स्वतःचं एक मीटर जाळून आणि बाकीची वर्षं पाहून ती शिकली होती.

दिव्यानीला मात्र सगळं सांगून मिळत होतं. दादाजी तिला शेजारी बसवून शिकवी. आधी दोन्ही टोकं एकमेकांना टेकव, मीटरच्या तारा स्वतः किती अडवतात ते पाय, मग तेवढं वजा कर. तांब्याची तार घे, ॲल्युमिनियमची घे, लांबी तेवढीच, जाडी तेवढीच, तरी ॲल्युमिनियम जास्त अडवते, ते त्या धातूचा स्वभावच होय. दिव्यानी म्हणे, "याले रेझिस्टिव्हिटी म्हनते, काकाजी, आमच्या पुस्तकात होतं." मग दादाजी खूश. चहा निवून जाई आणि यांचं चालूच. हाच प्रश्न इंदुताईने एकदा विचारला होता, ॲल्युमिनियमची भरलेली मोटार एवढी का तापते म्हणून. तेव्हा दादाजीने चष्म्यावरून पाहिलं होतं आणि तुले काय करायचं हाय, असं म्हणून पुन्हा कामाला लागला होता. तिने तेव्हा ते मनावर घेतलं नव्हतं. आता घेत होती.

आणि दसऱ्याच्या आधी दादाजीने कळस केला. दुकानात चार गिऱ्हाइकं बसली होती. कोणीतरी प्रणितचं विचारलं. प्रणित म्हणजे त्यांचा मुलगा, पुण्याला मोबाइलच्या कंपनीत आहे, तो काही मूलला परत येत नाही हे सगळ्यांना ठाऊक. दादाजी म्हणाला, "त्याचं सोडा. माह्या मांगं हे दिव्यानीच चालवन दुकान." गिऱ्हाइकांनी माना डोलावल्या. दिव्यानी लाजून स्टार्टर पुसत राहिली. इंदुताई तिथंच होती, चार हातांवर, मांडीवर तांब्याचं रीळ घेऊन. तिच्याकडे कोणी पाहिलंही नाही.

त्या दिवसापासून पोरीचं काहीच तिला धड दिसेना. तिचं वेळेवर येणं, झाडू मारणं, काकू-काकू करणं. डब्यातली भाजी आधी काकूला देणं. पोरगी एकदा तरी चुको, असं तिला वाटे. मोठं काही नको, दादाजीच्या डोळ्यांदेखत एकदा फजिती व्हावी, बस्स. देवापुढे हात जोडतानाही हेच मनात येई, मग तिला स्वतःचीच लाज वाटे, आणि लाज ओसरली की पुन्हा तेच मनात येई.

दसरा होऊन गेला होता. धान निसवला होता, पाऊस गेला होता, तलावाचं पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोचत नव्हतं. अशा वेळी सगळ्यांच्या मोटारी एकदम चालतात, लाइनचा दाब पडतो आणि मोटारी जळतात. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. भूपेश नावाचा एक शेतकरी सकाळपासून ओट्यावर बसून होता. त्याची मोटार भरून तयार होती, फक्त चालवून पाहायची होती. आज पाणी गेलं नाही तर लोंबी पोचट राहील, असं तो दर थोड्या वेळाने म्हणत होता.

दिव्यानी तेव्हा कोणाचा तरी बॅटरीवरचा फवारणी पंप तपासत होती. पंप किती करंट खातो ते पाहायला तिने लाल तार दहा अँपिअरच्या भोकात घातली, आकडा वाचला, बरोबर निघाला. तेवढ्यात आतून दादाजीने हाक मारली. बोर्डावर तिन्ही फेज येतात का पाय, मग मोटार लावू. दिव्यानी मीटर उचलून लगबगीने गेली. बटण फिरवून तिने दाबावर आणलं. लाल तार होती तिथंच राहिली.

इंदुताईने ते पाहिलं. तिच्या हातातलं कॉइलचं यंत्र थांबलं.

सांगायला लागले असते दोन शब्द. तार पाय. एवढंच. जीभ उचललीही होती तिने. पण त्याच क्षणी तिच्या मनात आलं, जळू दे. माझं जळलं तसं हिचंही जळू दे. पाहू दे यांना, आयटीआयची पोरगीही तेच करते. पाहू दे हिचं मीटर कोणत्या फळीवर जातं ते. तिला दिसत होता तो फक्त धूर आणि दादाजीचा चेहरा. ती मूग गिळून बसली.

मग दादाजी बोर्डाजवळ आला. दिव्यानीच्या हातातून त्याने दोन्ही टोकं घेतली. चारशे चाळीस व्होल्टवर पोरीचा हात नको, तू नुसता आकडा वाच, असं काहीतरी म्हणाला. दिव्यानीने मीटर स्टुलावर ठेवलं. दादाजीला लाल तार कुठं आहे ते दिसणं शक्यच नव्हतं. आता तरी. आता तरी बोलायला हवं होतं. इंदुताई उठली, रीळ मांडीवरून घरंगळलं, आणि बोर्डावर पांढरा लखलखाट झाला. आवाज राइस मिलच्या पलीकडे गेला म्हणतात.

चष्म्याने दादाजीचे डोळे वाचवले. उजवा हात मात्र मनगटापर्यंत भाजला. भूपेशनेच आपल्या गाडीवर बसवून त्याला दवाखान्यात नेलं. मीटरचे दोन तुकडे झाले होते. लाल तार वितळून भोकात चिकटून बसली होती, त्यामुळे चूक कोणाची हे शोधायचं काही उरलंच नव्हतं. दिव्यानी कोणी विचारायच्या आधीच म्हणाली, तार मीच सोडली. दादाजीने दवाखान्याच्या खाटेवरून तिला सांगितलं, "उद्यापासून नोको येऊ, बाई." आवाज चढवला नाही. इंदुताईला तो आवाज ओळखीचा होता.

पुढचे दिवस खोटं कशाला सांगा, तिचे फार सुखात गेले. दादाजीचा हात बांधलेला. नवं मीटर तिनेच आणलं, तिनेच उघडलं. तो खुर्चीवर बसून असे आणि ती मोजत असे. त्याने काही सांगायच्या आत तिने दोन्ही टोकं एकमेकांना टेकवली, तेवढे ओहम वजा केले, तिन्ही वायंडिंग तपासले. दादाजी पाहतच राहिला. "तुले कसं येते हे?" त्याने विचारलं. ती म्हणाली, पाहून पाहून आलं. "मले मालूमच नवतं," तो म्हणाला आणि हसला. लग्नापासून ती या हसण्याची वाट पाहत होती. त्या दिवशी तिने अंड्याचा रस्सा केला आणि त्याला भरवलाही, डाव्या हाताने त्याला नीट जेवता येत नव्हतं म्हणून.

मग गिऱ्हाइकं बोलायला लागली. बाईच बरी, असं म्हणत. त्या पोरीने भाऊचा हात जाळला, आयटीआयच्या पोरींना काय येतं. इंदुताई ऐकून घेई. सुरुवातीला गोड लागलं. पण दिवाळी झाल्यावर एक गिऱ्हाईक सांगून गेलं की दिव्यानी बसस्टँडकडच्या दुसऱ्या वायंडिंगच्या दुकानात काम मागायला गेली होती. मालकाने सगळ्यांसमोर विचारलं म्हणे, दादाजीचा हात जाळणारी तूच ना? पोरगी तशीच परत गेली. आता गावात धान कापते. दादाजी ऐकून म्हणाला, "हात चांगला होता पोरीचा. पन ध्यान नाई." आणि जळलेला हात मांडीवर घेऊन बसला.

इंदुताईला त्या दिवशी भात गेला नाही. दुसऱ्याही दिवशी गेला नाही. मीटर हातात घेतलं की आकडे दिसायचे आणि त्यांच्या मागे पोरीचं ते दुकानातून निघून जाणं दिसायचं, जे तिने पाहिलंही नव्हतं. नवऱ्याने कौतुक केलं की आणखी वाईट वाटायचं. तिसऱ्या दिवशी सकाळीच, बहिणीकडे जाऊन येते असं सांगून, तिने बस धरली.

दिव्यानीचं गाव बसने अर्ध्या तासावर. घरी कोणी नव्हतं, सगळे कापणीला. विचारत विचारत ती शेताच्या धुऱ्याने, बांधावरून गेली. धानाच्या एका बांधीत आठ-दहा बाया रांगेने वाकून कापत होत्या, प्रत्येकीची कापायची आपली पात, आपली ओळ. दिव्यानी कडेला होती. डोक्याला दुपट्टा, अंगात बापाचा शर्ट. इंदुताईला पाहून ती सरळ झाली, विळा हातात तसाच. काकाजीचा हात कसा आहे, हे तिने पहिल्यांदा विचारलं.

इंदुताईने येताना बसमध्ये सगळं मनात जुळवलं होतं. एकही शब्द कामाला आला नाही.

"तार मले दिसली होती," ती म्हणाली. "तू बोर्डाकडं गेली तवाच. मी बोलली नाई."

विळ्याला लागलेली माती दिव्यानीने अंगठ्याने पुसली.

"मले मालूम हाय, काकू."

"कसं?"

"तुमचं यंत्र थांबलं होतं. तुमी कधी हात थांबवत नाई. मी वळून पाह्यलं तं तुमी मीटरकडं पाहून राह्यल्या होत्या. तवा समजलं नाई. मांगून समजलं. लय राग आला. तुमचं तोंड पाहाव नाई वाटलं."

"मंग सांगितलं काऊन नाई त्यायले?"

"सांगून काय झालं असतं? तार तं मीच सोडली होती. आन् माहं काय, मी बस धरली न् घरी आली. तुमी कुठी गेल्या असत्या?"

इंदुताई धुऱ्यावर खाली बसली. रडू आलं नाही. तिला काय वाटलं ते सांगायचं तर तिला पुन्हा जळफळाटच झाला. एवढं मोठं मनही हिलाच असायचं होतं. मीटर हिला, शिकवणं हिला, दुकान हिला, आणि हेही हिलाच. बांधीतल्या बाया कापता कापता इकडे बघत होत्या. त्यातल्या एकीने, बहुतेक आईने, कोण आलं म्हणून विचारलं. दुकानच्या काकू, असं दिव्यानीने सांगितलं आणि पुन्हा वाकून कापायला लागली. बाकीच्यांच्या पाती पुढे गेल्या होत्या, ही एकटी मागे पडली होती.

इंदुताईने पदराच्या आतून मोबाइल काढला आणि नवऱ्याला लावला. दादाजीने उचलल्या उचलल्या विचारलं, पोचली काय बहिणीकडे. ती म्हणाली, मी दिव्यानीच्या बांधीत आहे. आणि मग दिव्यानीला ऐकू जाईल अशा आवाजात सगळं सांगितलं. तार दिसली होती. बोलायला वेळ होता. जाणूनबुजून बोलले नाही. पोरीचा दोष अर्धाच, बाकीचा माझा.

पलीकडून मिलचा भोंगा वाजल्याचं ऐकू आलं.

"काऊन?" दादाजीने विचारलं.

"तुमी तिले शिकवून राह्यले होते," इंदुताई म्हणाली. "मले कधी शिकवलं नाई."

तिला वाटलं, ओरडेल. एकदा तरी ओरडावं.

"पोरीले दे फोन," तो म्हणाला.

तिने फोन दिला. दिव्यानीने विळा धुऱ्यावर ठेवला, हात शर्टाला पुसले आणि फोन कानाला लावून थोडी बाजूला गेली. हो काकाजी, नाई काकाजी, एवढंच आधी ऐकू आलं. मग ती आणखी लांब, पळसाच्या झाडाखाली गेली आणि आवाज येईनासा झाला. एकदा तिने मान जोरात हलवली. एकदा हसल्यासारखी वाटली. काय ठरतंय ते इंदुताईला कळत नव्हतं, आणि कोणी तिला विचारणारही नव्हतं.

दिव्यानीची पात अर्धवट पडली होती. बाकीच्या बाया पार पुढच्या धुऱ्याला पोचत आल्या होत्या. इंदुताईने लुगडं वर खोचलं, विळा उचलला आणि बांधीत उतरली. माहेर सुटल्यापासून तिने धान कापला नव्हता. पहिल्या मुठीलाच बोटाला पात्याचा काप बसला. तिने बोट तोंडात घातलं, मग पुढची मूठ धरली. कापलेला धान ती दिव्यानीने मांडला होता त्याच ओळीत, तसाच लोंब्या एका बाजूला करून मांडत गेली. झाडाखालचं बोलणं अजून चाललं होतं. तिने त्या बाजूला पाहिलं नाही.